पान कितवं, ओळ कितवी?

चि. लेकरास, अनेक आशीर्वाद.

तुझी वही पोचली. सोबतची चिठ्ठीही वाचली. "काका, यापुढं पुस्तकांबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवलंय, वही तुमच्याकडंच ठेवा नाहीतर रद्दीत घाला." वही ठेवून घेतली आहे, चिठ्ठी रद्दीत घातली. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातल्या पोरानं वानप्रस्थ जाहीर करायचा नसतो. केलाच तर आधी वाचनालयाची पुस्तकं परत करायची असतात. ती अजून तुझ्या नावावर आहेत.

संमेलनात काय झालं ते तुझी वही यायच्या आधीच लोकांनी घरी येऊन सांगितलं. नवोदितांच्या सत्रात तू अलीकडं वाचलेल्या पुस्तकांवर बोलायला उभा राहिलास, 'स्वामी' रटाळ आहे म्हणालास, मांडवात कुजबुज झाली आणि एका ज्येष्ठांनी माईक ओढून घेतला. इथं सीमाभागात मराठी जगवायची पंचाईत, आणि तुम्ही पोरं मराठीतल्या थोर ग्रंथांना नावं ठेवता? टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत तुझे मामाही होते, ते तुला जास्त लागलं.

मी तुझी समजूत घालणार नाही. टाळ्यांचं काय एवढं, त्या चहा आल्यावरही वाजतात. मला खुपली ती वेगळी गोष्ट, आणि ती तू चिठ्ठीत लिहिलेली नाहीस, मला दुसऱ्याकडून कळली. माईक ओढला जायच्या आधी तिसऱ्या रांगेतल्या एका माणसानं तुला शांतपणे विचारलं होतं, "रटाळ म्हणजे नेमकं कुठं रे?" आणि तू म्हणालास, "तसं नाही, एकूणच."

एकूणच! तिथं तू पडलास. ज्येष्ठांनी तुला नंतर पाडलं.

मी उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली हे तुला ठाऊक आहे. खिळ्यांच्या छपाईचे दिवस. आमच्याकडं गोकाककडचा एक कंपोझिटर होता. मातृभाषा कानडी, मराठी वाचायला छापखान्यातच शिकलेला, पण खिळे असे जुळवायचा की ऱ्हस्व-दीर्घाची चूक हुडकावी लागायची. मी नवा होतो, तोंडाळ होतो. गॅली हातात घेऊन ओरडायचो, काय हे, सगळा मजकूर चुकांनी भरलाय! तो खिळ्यांच्या खणांतून मान वर न काढता विचारायचा, "पान कितवा? ओळ कितवा?" मी पान सांगायचो, ओळ सांगायचो, तो खिळा उपसायचा, दुसरा घालायचा. वाद नाही, राग नाही. आणि मला पान सांगता आलं नाही तर तोही काही बोलायचा नाही, पुढची ओळ लावायला घ्यायचा. माझ्या ओरडण्याला त्याच्या लेखी काही किंमतच नव्हती.

मला पुस्तकांबद्दल जे काही कळतं ते त्या माणसानं शिकवलं, मराठीच्या प्राध्यापकांनी नव्हे. मत द्यायचं तर पान दाखव. स्तुती करायची तर पान दाखव. शिवी द्यायची तर आधी पान दाखव, मग दे.

आता तू म्हणशील, काका, हे सगळीकडंच लागू आहे, यात आपल्या भागाचं काय? आहे. पुण्यात कुणी 'स्वामी'ला रटाळ म्हणालं तर लोक म्हणतात, याची आवड वेगळी. आपल्याकडं म्हणालं तर लोक विचारतात, हा कुणाचा? याला कारण आहे आणि ते तुझ्या पिढीला कुणी सांगत नाही. १९४६ साली बेळगावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्या मांडवात झाला. म्हणजे आपल्या गावात पुस्तक आणि सीमेचा प्रश्न एकाच मांडवातून बाहेर पडले. १९५६ च्या १ नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्यानंतर तर ते एकमेकांपासून सोडवताच येईनात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, तिकडं कारदगा, एवढ्या खेड्यांतून गावकरी वर्गणी काढून साहित्य संमेलनं भरवतात, ग्रंथदिंडीपुढं लेझीम खेळतात, आलेल्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. महाराष्ट्रात असं किती गावं करतात ते जाऊन बघ एकदा. त्या दिंडीत पालखीत पुस्तक असतं. पालखीतल्या वस्तूला रटाळ म्हटल्यावर माईक ओढला जाणारच की!

त्या ज्येष्ठांना मी वाईट म्हणणार नाही. त्यांनी सीमालढ्यात लाठ्या खाल्ल्यात. पण पालखीतून उतरवल्याशिवाय पुस्तक वाचता येत नाही हेही तितकंच खरं, आणि ते उतरवायचं कसं हा प्रश्न आहे. तू ढकलून उतरवलंस. हातानं उतरव. पान उघड, बोट ठेव, म्हण, हे बघा, इथं. तेवढं केलंस की तू कुणाचा हा प्रश्न बाजूला पडतो. मग त्यांना पानाशी भांडावं लागतं. ते भांडले नाहीत तरी तिसऱ्या रांगेतला तो माणूस पान बघायला उठतोच. अशा एका माणसासाठी बोलायचं असतं.

आता वही.

'स्वामी'पासूनच सुरू करतो. तू लिहिलंयस, "पेशवाईचा काळ, मोठा माणूस, पण वाचताना कंटाळा आला. रडारड फार." बरं. १७६१ साली, पानिपत होऊन गेल्यावर, सोळा वर्षांचा पोरगा पेशवा होतो आणि १७७२ साली थेऊरला मरण पावतो, रमाबाई सती जातात. यात रडू नसतं तर तूच म्हणाला असतास, लेखक कोरडा आहे. तेव्हा रडारड हा मुद्दा होत नाही. मुद्दा दुसरा आहे आणि तुला तो अर्धवट जाणवलाय, म्हणून तर कंटाळा आला. रणजित देसाईंनी नाटकंही लिहिली. 'स्वामी'तले प्रसंग बघ: महाल, सेवक आत येतो, मुजरा, वर्दी, मग दोन माणसं बोलतात, एक जण खिडकीपाशी जातो. एखादं असं प्रकरण घे आणि त्यातली किती पानं नाटकात जशीच्या तशी उभी राहतील ते बघ. मला वाटतं पुष्कळ राहतील. कुणाला ते आवडतं. संवाद कानात राहतात, आमच्या घरात बायका ते पाठ म्हणायच्या. तुला ते नको असेल, तुला वाड्याबाहेरचा मुलूख बघायचा असेल, तर तसं लिही आणि पान दे. मग तुझे मामासुद्धा म्हणतील, होय की, हे खरं आहे, पण मला तेच आवडतं. इथं वाद संपतो आणि गप्पा सुरू होतात. आणि देसाईंचं कोवाड आपल्याला काही परकं गाव नाही, ताम्रपर्णीच्या काठाला जाऊन आलास तर या माणसाला पुण्याचे वाडे एवढे का दिसले हा प्रश्नही तुला पडेल. मला पडलाय. उत्तर नाही.

'वनवास'. इथं मी खरोखर चिडलो. तू एकच ओळ लिहिलीस: "मनाला खूप भावलं, पाचपैकी पाच." अरे, तू कणबर्गीच्या रस्त्यानं रोज कॉलेजला जातोस! त्यातल्या पोराच्या, लंपनच्या, दोस्तांत एक कणबर्गी गंग्या आहे, आणि तुला 'भावलं' एवढंच सुचतं? पाचपैकी पाच ही कसली भाषा? पेपर तपासतोयस का?

थांब, रागावून उपयोग नाही. नीट सांगतो. 'वनवास'चे लेखक प्रकाश नारायण संत म्हणजे कवयित्री इंदिरा संतांचे चिरंजीव. १९९४ साली 'वनवास' आलं, मग 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. पोरगा आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडं राहतो. का राहतो, हे त्याला पुरतं कळलेलं नाही. पुस्तकात ते दुःख कुणी छाती पिटून सांगत नाही. पोरगं बडबडत राहतं, मॅडसारखं होतंय म्हणतं, सुमीबद्दल बोलतं, आणि बोलता बोलता एकदम घराची आठवण त्याच्या वाक्यात घुसते आणि निघूनही जाते. तुला गलबललं असेल तर ते अशाच एखाद्या वाक्याशी. ते हुडक. वाक्य हाताला लागलं की तुला कळेल की लेखकानं तिथं रडण्याचा एक शब्दही वापरलेला नाही, आणि तू मात्र 'मनाला', 'खूप', 'भावलं' असे तीन वापरलेस. आणखी एक: त्या पोराच्या मराठीत कानडीचा जो हेल आहे, तो पुण्यामुंबईच्या वाचकाला गंमत वाटतो. तुला गंमत वाटायचं कारण नाही, तू तसाच बोलतोस. मग तुला काय वाटलं? स्वतःच्या तोंडची भाषा छापलेली बघून बरं वाटलं, का लाज वाटली, का आपली आजी आठवली? हे या जगात तूच लिहू शकतोस, नाशिकचा वाचक लिहू शकत नाही. आणि तू पाचपैकी पाच देऊन मोकळा!

'भावलं', 'भिडलं', 'अंतर्मुख करून गेलं', 'वाचनीय व संग्राह्य' हे शब्द मी तुझ्यापुरते बंद करतोय. प्रकाशन समारंभाला हार घालणारे लोक असतात, त्यांच्यासाठी ते राहू देत. जेवून उठताना 'छान झालं होतं हं' म्हणणाऱ्या पाहुण्यासारखे ते आहेत. बोलणाऱ्याला आमटीत काय होतं ते आठवत नसतं.

भीमराव गस्तींचं 'बेरड' आणि राजन गवसांचं 'चौंडकं' याबद्दल तू बरं लिहिलंयस, म्हणून थोडक्यात आटोपतो. 'बेरड' वाचून तू सायकल काढून यमनापूरला गेलास, ते मला आवडलं. आपण ज्या गावाला नुसता कारखाना म्हणून ओळखतो तिथल्या माणसांना गुन्हेगार जात ठरवून पोलीस कसे उचलून नेत, हे बेळगावात राहून बेळगावकरांना एका पुस्तकातून कळावं! तू प्रसंग सांगितलास, प्रकरण सांगितलंस. हेच म्हणतोय मी. देवदासींवरच्या 'चौंडकं'बद्दल तू लिहिलंस की सौंदत्तीच्या यात्रेला आमच्या घरचेही जातात, आणि पुस्तक वाचल्यावर आईशी याबद्दल बोलायचं धाडस झालं नाही. हे मत नव्हे, पण मतापेक्षा मोलाचं आहे. खोडू नकोस. मात्र शेजारी कुठल्या प्रसंगानंतर पुस्तक मिटावंसं वाटलं ते लिही. पान.

महादेव मोरे तू वाचलेलेच नाहीस हे बघून मला आश्चर्य वाटलं. निपाणीत पिठाची गिरणी चालवत लिहिणारा माणूस. त्याआधी गॅरेजात काम केलेलं, टॅक्सी चालवलेली. ड्रायव्हर, क्लीनर, तंबाखूच्या वखारीतल्या बाया हे त्यांचं जग. २०२४ साली गेले. आपल्या सीमाभागाच्या नावानं एवढे गळे काढले जातात, पण हा भाग मराठी गद्यात खरोखर घाम गाळताना ज्यांनी दाखवला त्यांच्यात हा माणूस पुढं, आणि संमेलनाच्या भाषणांत त्यांचं नाव क्वचित येतं. मी भाषणात घेतलं होतं, तेव्हाही चहा आला होता. तेवढं असो.

जी.ए. कुलकर्णींबद्दल तू भांडण काढलंयस आणि मला ते हवंच होतं. तू म्हणतोस, "काका, 'काजळमाया' वाचून जी भीती वाटते तिचं पान दाखवता येत नाही, ती सगळ्या पुस्तकात पसरलेली आहे." तुला वाटलं, इथं काका गप्प बसणार. नाही बसणार! भीती पसरलेली वाटते ती वाचून झाल्यावर. वाचताना ती कुठंतरी सुरू होते. बेळगावात शिकलेला, धारवाडला मास्तरकी केलेला, सभासमारंभांना टाळणारा, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाल्यावर तो परत करणारा हा माणूस, त्यानं भीती हवेत सोडलेली नाही. ती एका वस्तूत ठेवलेली असते, एखाद्या घरात, एखाद्या बोलण्यात. गोष्ट पुन्हा वाच आणि अंगावर काटा येण्याच्या दोन ओळी आधी थांब. तिथं काहीतरी साधं लिहिलेलं असेल. ते पान. मला 'विदूषक'मध्ये ते सापडायला फार दिवस लागले आणि कुठं सापडलं ते मी तुला सांगणार नाही. तुझं वेगळं असेल. वेगळं असलं तर उत्तम, सारखं असलं तर मला तुझा संशय येईल.

आता कर्णाचं प्रकरण. वहीतलं सगळ्यात चांगलं पान हे, आणि सगळ्यात बेजबाबदारही. तू 'मृत्युंजय' वाचलंस, पाठोपाठ भैरप्पांचं 'पर्व' वाचलंस आणि लिहिलंस, "आता 'मृत्युंजय' बालिश वाटतं." त्यावर मामा म्हणाले, कानडी माणसाची कादंबरी डोक्यावर घेतोस आणि आपल्या माणसाची उतरवतोस. तिथं तू बिथरलास, आणि खाली कंसात लिहिलंस, "पण दोन्ही आपापल्या जागी श्रेष्ठ." हा कंस मी लाल पेन्सिलीनं खोडलाय. कुणी दटावलं म्हणून मताला कंस घालायचा नाही. मत बदलायचं असेल तर पान बघून बदल.

आणि पानं आहेत की! दोन्हीकडं माणसं आळीपाळीनं बोलतात, आपलं आयुष्य उलगडतात. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण बोलतो, कुंती बोलते, वृषाली, दुर्योधन, शोण, कृष्ण. 'पर्व'मध्येही एकेकाच्या मनात शिरून मागचं दिसतं. बांधणी जवळजवळची. पण एकीकडं सूर्यपुत्र आहे, कवच-कुंडलं घेऊन जन्मलेला. दुसरीकडं चमत्काराला जागाच नाही, देव म्हणजे हिमालयाकडची एक माणसांची जमात, आणि युद्ध म्हणजे घाण, भूक, कुजलेली प्रेतं. मग युद्धाआधी कुंती कर्णाला भेटते तो प्रसंग दोन्हीतून काढ. दोन्ही पुस्तकं शेजारी उघडी ठेव. कोण आधी बोलतं? आई रडते तेव्हा लेखक कुणाकडं बघतो? कर्णाच्या तोंडी किती मोठी वाक्यं आहेत? नदी किती आहे, माणूस किती आहे? एवढं लिहिलंस तर 'बालिश' हा शब्द तुला लागणारच नाही. किंवा लागेल आणि मग तो तुझ्या हक्काचा असेल. १९६७ चं एक पुस्तक, १९७९ चं दुसरं, मधल्या काळात दोन भाषांत महाभारताकडं बघायची नजर कशी बदलली हे तुझ्या वहीच्या दोन पानांत मावेल. मामांना ती पानं वाचायला दे. ते वाचतील. पुस्तकांवर एवढं चिडणारा माणूस वाचतोच.

'पर्व' तू उमा कुलकर्णींच्या मराठीत वाचलंस. त्याही बेळगावच्याच. त्यांचे यजमान विरूपाक्ष कानडी मजकूर वाचून टेप करायचे आणि त्या ऐकत ऐकत मराठीत उतरवायच्या. एका घरात एक भाषा कानानं आत यायची आणि दुसरी हातानं बाहेर पडायची. आता इथं मला जरा माझं सांगायचंय, कंटाळा आला तरी वाच.

मला कानडी बोलता येतं, बाजारात भाव करता येतो, भांडता तर फारच छान येतं. बसची पाटी वाचता येत नाही. माझ्या वयाच्या पुष्कळांचं हेच आहे. आम्ही ती लिपी हट्टानं डोळ्यांआड केली. त्या हट्टाचा मला पश्चात्ताप नाही असं मी चारचौघांत सांगतो, इथंही सांगतो. काळ तसा होता, पाट्यांवरून डोकी फुटत होती, आणि आपली भाषा घराबाहेर काढली जातेय असं वाटताना दुसऱ्याच्या बाराखडीचा अभ्यास कोण करणार? पण बेंद्र्यांची कविता मी लोकांच्या तोंडून ऐकली, स्वतः वाचली नाही. घरी मराठी बोलणारा माणूस, कानडीतला एवढा मोठा कवी झाला, धारवाड म्हणजे आपल्यापासून गाडीनं दोन तास, आणि त्याचं एक पान मला दाखवता येणार नाही. माझाच नियम माझ्यावर उलटतो तो इथं. म्हणून बेंद्र्यांबद्दल मी कधी मत दिलेलं नाही. निदान तेवढं पाळलं.

तुला शाळेत कानडी सक्तीची होती. त्या सक्तीविरुद्धच्या निवेदनांवर माझ्या सह्या आहेत, उद्या कुणी कागद आणला तर पुन्हा करीन, त्यात मला काही विसंगत वाटत नाही. पण तुला लिपी आली आहे ना? मग 'पर्व'चं मूळ आण. अख्खं वाचू नकोस, तुझ्यानं होणार नाही. कुंती-कर्णाचा तेवढा भाग वाच, एकेका ओळीवर बोट ठेवत. मराठीत काय आलं, काय निसटलं ते लिही. हे काम पुण्यात बसून कुणाला जमणार नाही. तू एवढ्यासाठी या भागात जन्मलास असं काही मी म्हणत नाही. जन्मलाच आहेस तर कर.

तू चिठ्ठीत आणखी एक विचारलंयस, ते मी मुद्दाम शेवटाकडं ठेवलं. "खरं मत लिहून माणूस तुटला तर?" हे तुला कुणी सांगितलं मला कळलं. त्या कवीचं प्रकरण अजून गावात सांगतात तर.

मग माझ्याकडूनही ऐक. तो माझा मित्र होता. संध्याकाळी आम्ही किल्ल्याच्या तळ्यापर्यंत चालायला जायचो. त्याचा संग्रह आला, एका साप्ताहिकानं मला परीक्षण लिहायला सांगितलं. मी लिहिलं की संग्रहात एकच प्रतिमा पुन्हा पुन्हा येते, वेगवेगळे कपडे घालून येते, आणि पानांचे आकडे दिले. आकडे लांबलचक झाले हे खरं. पण त्यातला एक तरी चुकीचा होता का? नाही. त्यानं कधी म्हटलंही नाही की चुकीचे आहेत. फक्त बोलणं सोडलं. लग्नकार्यात पंगतीला समोर आला तर ताटाकडं बघून जेवायचा. लोक म्हणतात मी त्याचं लिहिणं थांबवलं. साफ खोटं. तो लिहीत होता, मला दाखवत नव्हता एवढंच. आणि हेही कुणी सांगत नाही की मी त्याच्या एका फार चांगल्या कवितेबद्दल शेवटी लिहिलं होतं, पानासकट. संपादकांनी जागा नाही म्हणून तो परिच्छेद उडवला. माझं मूळ हस्तलिखित घरात आहे, तुला दाखवीन. त्याला दाखवायला घेऊन जावं असं अनेकदा मनात आलं, पण मीच का जावं? परीक्षण बरोबर होतं. तो आता नाही. परीक्षण अजूनही बरोबरच आहे.

तेव्हा माणूस तुटतो का? तुटतो. मी तुला उलटं सांगून फसवणार नाही. फक्त आकडे देताना चांगल्या पानाचा आकडा सगळ्यात आधी दे. संपादक शेपटाकडून कापतो.

बाकी कामाचं. वहीची नवी सुरुवात कर. डावीकडच्या पानावर पुस्तकाचं नाव, आवृत्ती आणि पान, कारण आवृत्ती बदलली की पान सरकतं आणि मग लोक तुला खोट्यात काढतात. उजवीकडं तुझं म्हणणं. डावी बाजू कोरी असेल तर उजवीकडं काही लिहायचं नाही. फोनवर अर्ध्या तासात ऐकलेली पुस्तकं या वहीत येणार नाहीत, त्यांना पान नसतं. वाचनालयाची मुदत संपलीय, दंड मी भरणार नाही. १८४८ पासून ते वाचनालय चाललंय. म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं तरी चाललंय, वेळेवर पुस्तक परत करणाऱ्यांच्या जिवावरच चाललंय.

रविवारी सकाळी ये, दुपारी झोपतो मी. येताना 'रिंगाण' आण. धरणानं उठवलेला गाव आणि मागं राहिलेल्या म्हशी, या पुस्तकाबद्दल तू लिहिलंयस की शेवट ताणलाय. कृष्णात खोतांना २०२३ चा अकादमी पुरस्कार मिळाला म्हणून मी त्यांची बाजू घेतोय असं समजू नकोस, पण मला तुझं हे अजिबात पटलेलं नाही. माझ्या प्रतीत पान काढून ठेवलंय. तुझं पान घेऊन ये, मग बघू.

तुझा
काका